म्हैसासुराची बायको

पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला तीस-बत्तीस घरांचा एक पाडा आहे. तिथे जाऊन गौरा कुठे राहते असं विचारलं तर समोरचा जरा डोकं खाजवील. म्हैसासुराची बायको कुठे राहते असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा बोटाला धरून ओट्यापर्यंत आणून सोडील. चाळीस वर्षं तिला हेच नाव. तिला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "पाटलाची बायको, मास्तरची बायको गावोगाव मिळतील. राक्षसाची मिळणार नाही."

तिचा नवरा देवजी. माणूस इतका गरीब, की ओट्यावर कोंबडी आली तर तोच बाजूला सरकून तिला जागा देतो. वर्षभर भात नि नागली, त्यातून सुटला की कुणाच्या तरी बांधावर मजुरी. पण होळी झाली, बोहाड्याचे दिवस आले, की हाच देवजी म्हैसासुर होतो. देवांची नि राक्षसांची सोंगं मुखवटे लावून नाचवायची, तो बोहाडा. शेवटच्या दिवशी सकाळी, उन्हं चढली की देवी निघते आणि देवळापुढच्या अंगणात म्हैसासुराला मारते. सात फेऱ्या असतात. सातव्या फेरीला देवीची तलवार त्याच्या मानेला लागते आणि तो पडतो.

मुखवटा एकाच लाकडाचा, शिंगांसकट कोरलेला. उचलायला दोन हात लागतात. डोळे नुसते रंगवलेले, दिसतं ते नाकपुड्यांतून, तेही स्वतःच्या पायाच्या अंगठ्याएवढं. देवीच्या मुखवट्याचंही तेच. म्हणजे दोघंही आंधळी, आणि दोघांच्या हातात तलवारी. तरी इतक्या वर्षांत कुणाला ओरखडा नाही, कारण पाय संबळाच्या तालावर पडतात. सखा संबळ वाजवतो. त्याचा ताल जिथे फिरतो तिथे दोघंही फिरतात आणि समोरासमोर येतात.

राक्षस पडला की सगळे पुरुष त्याच्याकडे पाठ करतात आणि देवीची आरती धरतात. तेवढ्यात मागून त्याची बायको येते, त्याच्यावर पदर धरते, मुखवटा उचलते नि पाणी पाजते. तिनं उचलल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. आणि ज्या घरची बायको मुखवटा उचलते, ते सोंग त्या घरचं. सासऱ्याचा मुखवटा सासूनं उचलला, सासरा गेल्यावर देवजीचा गौरानं. कुठे लिहून ठेवलेलं नाही. बायांना माहीत आहे. पुरुषांना कसं असणार, ते आरतीत असतात.

गौरा मूळची दाभोशाची. नदीकाठी वाढलेली, दोन यत्ता शिकलेली. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी तिनं पहिल्यांदा नवऱ्याला मरताना पाहिलं. धुळीत उताणा पडलेला माणूस, छाती भात्यासारखी हलतेय, आणि अख्ख्या पाड्याच्या पाठी त्याच्याकडे. पुरुषांबद्दलचं आपलं मत तिनं त्याच दिवशी ठरवलं, आणि पुढे ते बदलावं असं कुणी काही केलं नाही.

तिच्या ओट्याला लागून शीलाचा ओटा. शीलाकडे टीव्ही आहे. रोज संध्याकाळी साडेसातला त्यावर एक शक्तीची मालिका लागते आणि निम्मा पाडा तिथे येऊन बसतो. गौराही जाते. तिला मालिका आवडत नाही, पण जिची चेष्टा करायची ती बघितली तर पाहिजे.

यंदा होळीच्या आधी त्या मालिकेचा मोठा भाग होता, तासाभराचा. कुठल्याशा बंगल्यामागच्या विहिरीतून महाराक्षस वर आला. काळा झगा, केसाला तेल, विहिरीतून येऊनही अंग कोरडं.

"याला पाणी लागलं नाही वाटतं," गौरा म्हणाली.

"काकी, बघू दे ना," कमलेश म्हणाला. हा शीलाचा मुलगा. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. ठाण्याला मांडव-लायटिंगच्या कामावर असतो. आल्या आल्या बोहाड्याच्या कमिटीत शिरला होता, कारण मोठा स्पीकर त्याच्या ओळखीचा होता.

राक्षस बोलायला लागला. असं स्वच्छ नि सावकाश, जसं शाळा तपासायला आलेल्या साहेबानं बोलावं. तो बोलत होता तेवढ्यात नायिका जिना उतरत होती. जरीची साडी, मोकळे केस. तीन वेळा तिचं तोंड दाखवलं, तीनदा वीज कडाडली.

"ही लढायला निघाली का लग्नाला?"

"शक्ती जागी झालीय तिची," शीलानं समजावलं.

"केस तरी बांधायचे होते. कामाला निघालेली बाई केस मोकळे सोडते होय?"

नायिकेनं राक्षसाकडे नुसतं बघितलं. तिच्या कपाळातून उजेड निघाला, राक्षस हवेत उडाला आणि धूर होऊन गेला. झालं. कमलेशनं मोबाइल टीव्हीपुढे धरला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"एवढा मोठा राक्षस," गौरा उठता उठता म्हणाली, "आणि नजरेनं मेला. हात नाही लावला, घाम नाही आला, मढंसुद्धा नाही. असा राक्षस तर मी पण मारीन, भाकऱ्या भाजता भाजता."

बोलून ती घरी गेली. तिला वाटलं विषय तिथेच संपला.

चार दिवसांनी देवळापुढे कमिटी बसली. गोरख कारभारी मध्ये. हा गोरख बोहाड्याचा जुना जाणता म्हणवतो. तीस वर्षांपूर्वी म्हटलेलं वाक्यच आजही म्हणतो, म्हणून जाणता. कमलेश उभा राहिला आणि म्हणाला, "टाइम बदललाय. पब्लिकला सात फेऱ्यांचा कंटाळा येतो. आपण त्या भागातल्यासारखं करू. फायबरचा मुखवटा, डोळ्यांत लाल बल्ब, धुराच्या नळ्या, आणि संबळाच्या जागी मालिकेचं म्युझिक. पाच मिनटांत खल्लास. देवजीकाकाचे गुडघे पण आता गेलेत. राक्षस मी होतो."

गोरख म्हणाला, "नव्या पोरांना पुढे येऊ द्यावं." हे त्याचं वाक्य नव्हतं, कुणाचं तरी उसनं होतं, पण सगळ्यांनी माना हलवल्या. देवजीला विचारलं. देवजी म्हणाला, "बरं." त्याला म्हशीवर बसून जायला सांगितलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. सांदीतला लाकडी मुखवटा त्यानं काढला, शिंगांवरची धूळ पुसली आणि परत ठेवला.

"माझं काही चुकलं का गं?" त्यानं विचारलं.

"चुकलं. बरं म्हणालास ते."

"गुडघे दुखतात ते खरंच ना."

"गुडघे दुखतात, तर दोन फेऱ्या हळू नाच. यंदा त्या घरच्या बाईनं मुखवटा उचलला की सोंग गेलं आपलं. तुझ्या बापाचं, तुझं. पुढल्या साली तू कोण? देवजी. देवजी नावाचे पाड्यात तिघं आहेत."

रात्रीची भाकरी तशीच राहिली. गौरानं ती सकाळी कोंबड्यांपुढे कुस्करली, आणि कुस्करता कुस्करता तिचा हात थांबला. त्या घरची बाई म्हणजे कोण? कमलेशला बायकोच नाही. एवढी मोठी कमिटी बसली, बल्ब मोजले, धुराच्या नळ्या मोजल्या. राक्षसाचं लग्न झालेलं नाही हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

सांगावं म्हणून ती शीलाच्या ओट्यावर गेली. कमलेश मुखवट्याला वायर जोडत होता.

"कमल्या, राक्षस पडला की पुढे काय असतं, माहीत आहे ना तुला?"

"काकी, लहानपणापासून बघतोय. मला सगळं माहीत आहे. तू टेन्शन घेऊ नको."

"मग काय," गौरा म्हणाली, आणि घरी आली. ज्याला सगळं माहीत आहे त्याला सांगायला जाऊ नये, त्याचा अपमान होतो.

बोहाड्याचा शेवटचा दिवस उजाडला. जवळच्या शिरपामाळावर फिरायला आलेली दोन-चार शहरी कुटुंबंही गाडी करून आली होती. नऊच्या सुमाराला बुधा देवीचा मुखवटा लावून देवळातून निघाला. बुधा वीस वर्षं देवी नाचवतो. सखा संबळ मांडीवर घेऊन नुसताच बसला होता, पाहुणा बसतो तसा.

कमलेश आला. काळा झगा, तोच मालिकेतला. बल्ब पेटले. भरउन्हात बल्ब पेटले की कसे दिसतात ते सांगायला नको. बाहेरच्यांना ते दिसले नाहीत, आतल्याला मात्र चांगलेच दिसले, कारण त्यांचा उजेड त्याच्याच डोळ्यांत जात होता. मग धूर सोडला, आणि स्पीकरमधून मालिकेचं संगीत सुरू झालं.

त्या संगीताला सम नाही, ते फिरत नाही. नुसतं वर वर चढत जातं. बुधा वीस वर्षांच्या सवयीनं ताल शोधत उभा राहिला. सापडेना, तेव्हा अंदाजानं चालू लागला. राक्षस डावीकडून गेला, देवी उजवीकडून. देवी थेट अंगणाबाहेर, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी पोचली आणि तिनं तलवार उगारली. गोळेवाला गाडीखाली शिरला. इकडे राक्षस देवळाच्या भिंतीवर दोन वार करून मोकळा झाला. तेवढ्यात संगीत संपलं. कमलेशनं ते टीव्हीपुढे मोबाइल धरून घेतलेलं, त्यामुळे त्याच्या मागोमाग एक बाई कपड्यांवरचे डाग कसे जातात ते सांगू लागली.

संगीत संपलं म्हणजे मरायची वेळ झाली, एवढं कमलेशला ठाऊक होतं. तो पडला. छान पडला, त्यात काही खोट नव्हती. बुधाला दोघांनी धरून आणला, तोवर राक्षस मरून पडलेलाच. गोरखला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं आरती सुरू केली. सगळ्यांनी पाठ फिरवली.

आरती झाली. सगळे वळले. राक्षस तिथेच. झग्यात घामानं भिजलेला, बल्ब अजून पेटलेले.

"उठ की रे," गोरख म्हणाला.

आतून आवाज आला, "आधी मुखवटा उचला ना. कुणीतरी उचलतं ना."

शीला धावली. म्हाताऱ्या बाया एकदम बोलल्या, "अगं, आई नाही चालत. बायको लागते."

"बायको कुठाय याची?" गोरखनं विचारलं. विचारलं आणि मग त्याचं त्यालाच कळलं. एवढ्या पुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा पडलेल्या राक्षसाकडे तोंड केलं होतं.

शीला गौराकडे आली. डोळ्यांत पाणी. "गौरे, तू उचल गं. तुझा हात चालतो. पोर गुदमरतंय माझं."

गौरा कपाळावरचा घाम पुसत पुढे गेली. कमलेशच्या डोक्याशी बसली. सगळ्यांना वाटलं, आता उचलते.

"मी म्हैसासुराची बायको," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा माझा नवरा नाही. माझा नवरा मरतो तेव्हा त्याच्या मानेला तलवार लागलेली असते. याला काय लागलं? साबणाची जाहिरात लागली." मग खाली वाकून म्हणाली, "कमल्या, मूर्खा, काढ ते आणि श्वास घे. तू मेलेला नाहीस. तुला कुणी मारलंच नाही."

कमलेशनं टोपी काढावी तसा मुखवटा काढला. लाल तोंड, गालावर वायरीचा वळ. शहरातल्या एका पाहुणीनं टाळ्या वाजवल्या, मग कुणीच वाजवत नाही असं बघून थांबली.

आता राक्षस जिवंत, आणि देवी तलवार घेऊन उभी. असं टाकून घरी जाता येत नाही. गोरख गौरापुढे आला. "वहिनी, देवजीला बोलाव."

"कमिटीत त्याचे गुडघे गेले होते. आज आले का परत?"

"चुकलं, वहिनी," गोरख म्हणाला.

"मला नको सांगूस. त्याला जाऊन सांग. ओट्यावर बसलाय. आणि हा पण येईल तुझ्याबरोबर," तिनं कमलेशकडे बोट केलं.

दोघं गेले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, पण देवजी काय म्हणाला असेल ते गौराला माहीत होतं. बरं म्हणाला असेल. थोड्या वेळानं तो आला, लाकडी मुखवटा कमलेशच्या खांद्यावर. ओझ्यानं पोरगा वाकला होता. गौरानं देवजीच्या डोक्याला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं, गाठ कानामागे घेतली, मुखवटा बसवला. सखानं संबळ पुढे ओढलं.

सात फेऱ्या झाल्या. ऊन डोक्यावर आलं. चौथ्या फेरीला देवजीचा पाय अडखळला, तेव्हा सखानं ताल थोडा आवरता घेतला आणि बुधाही तेवढाच हळू झाला. कंटाळणारं पब्लिक कुठे होतं कोण जाणे. कुणी उठलं नाही. सातव्या फेरीला तलवार मानेला लागली, देवजी गुडघ्यावर आला आणि मग हळूच, म्हातारं माणूस अंथरुणावर कलतं तसा, आडवा झाला.

आरती सुरू झाली. पुरुषांनी पाठ फिरवली. एक कमलेश तेवढा फिरवायला विसरला. तोंड उघडं टाकून बघत होता. गौराला ते दिसलं. तिनं त्याला हटकलं नाही.

तिनं पदर धरला. मुखवटा उचलला. देवजीच्या पांढऱ्या मिशीत धूळ, डोळे मिटलेले, छाती वरखाली होतेय. तिनं तांब्या त्याच्या ओठाला लावला. दोन घोट प्याला आणि डोळे न उघडता त्यानं विचारलं, "मेलो का नीट?"

"मेलास," गौरा म्हणाली. "ऊठ आता, ऊन लागतंय."