हौदावरून गेलेली रेघ

सन १९९४, आणि माझं तेव्हाचं वय एक्कावन्न. शिक्षण तिसरी पास. चौथीत बसलो तेव्हा बापानं शाळेतून काढून शेतावर घातलं. तरी सही मी अशी करायचो की कारखान्यात पगाराच्या दिवशी कारकून ती दुसऱ्यांना दाखवायचा. बढाई म्हणून लिहीत नाही. त्या सहीनंच पुढं गावाचं नुकसान केलं, म्हणून लिहितो.

आमचं गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आधी ग्रामपंचायत होती. मग आम्हाला कल्याणच्या महापालिकेत घातलं, मग काही वर्षांनी तिथून काढलं आणि नव्या नगरपालिकेत टाकलं. घालताना कोणी विचारलं नाही, काढतानाही नाही. आता नगरपालिकेची पहिली निवडणूक यायची होती आणि गावाला एकच आस होती. आपला एक माणूस आत बसवायचा आणि नळ आणायचा. बारवी धरणाचं पाणी आमच्याच भाताच्या खाचरांतून, जाड पाइपातून कारखान्यांकडे जायचं. पाइपाला कान लावला तर आत आवाज यायचा. आणि आमच्या बाया मे महिन्यात हंडे घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर बसायच्या, वाटीवाटीनं पाणी भरत.

गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. मध्ये गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद. चैत्रात गावदेवीची पालखी निघते ती हौदापर्यंत आमच्या वरच्या आळीच्या खांद्यावर, हौदापासून पुढं खालच्या आळीच्या. आमचा माणूस पालखी घेऊन हौदाच्या पुढं पाऊल टाकत नाही, त्यांचा अलीकडे टाकत नाही. पुढचा दांडा धरायचा मान आमच्या घराचा. आजोबांनी धरला, बापानं धरला, मी धरला.

त्या उन्हाळ्यात एक दिवस दोन माणसं आमच्या ओटीवर आली. एक कचेरीतला नकाशेवाला, काखेत गुंडाळी घेऊन. दुसरा पुढारी, स्टेशनकडच्या नव्या बिल्डिंगांत वजन असलेला. त्याला निवडणूक लढवायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

चहा झाला. पुढारी म्हणाला, "दादा, तुमच्या गावाच्या दोन आळ्या ना? नेमक्या कुठून वेगळ्या होतात? आम्ही चार जणांना विचारलं. सगळे म्हणाले, हद्द दादांनाच ठाऊक."

मला एवढं पुरलं. मी उठलो, पायात चपलाही घातल्या नाहीत. हौदावर नेलं, तिथून कुंपणाकुंपणानं नाल्यापर्यंत चालवलं. "इकडची घरं आमची, तिकडची त्यांची. एक घर इकडचं तिकडं नाही," मी म्हणालो. नकाशेवाल्यानं तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या. मग एक कागद पुढं केला, "पंच म्हणून सही करा." वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. सही मात्र झोकात केली.

पुढारी म्हणाला, "वा!"

पावसाळा संपता संपता वॉर्डांचा कच्चा नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला. खालच्या आळीतला माझा चुलतभाऊ बघून आला. तो माझ्यापेक्षा सात यत्ता जास्त शिकलेला. अंगणातूनच ओरडला, "दादूस, आपण फुटलो! हौदावरनं रेघ मारलीय. तुमची आळी स्टेशनकडच्या बिल्डिंगांना जोडलीय, आमची नाल्यापलीकडच्या कॉलनीला."

"मग काय झालं?"

"काय झालं? गाव एकत्र असतं तर आपलाच माणूस आला असता. आता दोन्ही ताटांत आपण लोणच्याएवढे."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर नकाशाची नक्कल मिळवली आणि मोठी झेरॉक्स काढायला उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गेलो. दुकानदार सिंधी, वयानं माझ्याएवढा, शेजारीच त्याच्या भावाचं कापडाचं दुकान. तो कागद बघत बसला.

"काका, ये लाइन सीधी आती है, फिर यहाँ पेट क्यों निकला?"

त्यानं बोट ठेवलं तिथं पुढाऱ्याचा बंगला होता. नाल्यावरून आलेली रेघ बंगल्याला आणि त्याच्या भावकीच्या गल्लीला आमच्याच वॉर्डाच्या पोटात घेऊन परत जागेवर येत होती.

"हमारा भाई कपडा ऐसा काटे ना, तो गिराइक मुँह पे मारेगा," तो हसून म्हणाला. मी हसलो नाही.

हरकत घ्यायला मुदत होती. चुलतभाऊ म्हणाला, वकिलाकडून लिहून घेऊ. मी म्हणालो, माझं गाव, मीच लिहिणार. तीन दिवस लागले. लिहिलं की दोन्ही आळ्या एकाच वॉर्डात ठेवाव्यात. पण वॉर्डांची माणसं सारखी व्हायला हवीत, असं कचेरीत सांगितलं होतं. आमच्या दोन्ही आळ्या आणि डोंगराकडची आदिवासींची ठाकूरवाडी मिळून बेरीज जास्त भरत होती. मग मी शेवटी एक ओळ घातली: ठाकूरवाडी काढून पलीकडच्या वॉर्डात टाकावी. वाडीतली मतं कोणाला जातील याचा भरवसा नव्हता. आमचा माणूस पक्का निवडून यायचा तर ती बाहेर बरी, असा माझा हिशेब. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मी आज लपवत नाही.

सुनावणीला चाळीसेक माणसं होती. साहेब तरुण होता, सभ्य होता, प्रत्येकाला बसा म्हणत होता. माझा नंबर आला. मी उभं राहूनच सांगितलं, "ही रेघ बेइमानीची आहे. एका माणसाच्या सोयीनं मारलीय. एका गावाचे दोन तुकडे केलेत."

पुढारी मागे बसला होता. बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, रेघ यांनीच दाखवलीय. कागद बघा."

साहेबानं कागद काढला. "ही सही तुमची?"

एवढ्या माणसांत ती सही माझी नाही असं कसं म्हणणार? तशी सही पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची नव्हती.

"माझी. पण ती पालखीची हद्द आहे. गावाची नव्हे."

कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही. त्यानं माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ठाकूरवाडी काढा म्हणता. वाडीतल्या लोकांना विचारलंत?"



दाराजवळ वाडीतली एक म्हातारी उभी होती. आमच्या गावात मोळ्या विकायला यायची, तिला सगळे बाय म्हणत. सोबत वाडीतले दोघे. मला वाटलं होतं दुसऱ्या कशासाठी तरी आली असेल. ती तिथूनच बोलली, "सायेब, आमी गावातलीच. पालखीच्या पुढं दिवटी कोण धरतो, त्या दादाला इचारा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं, "यांचा माणूस धरतो."

"आन् हौदाला ती थांबते का रं दादा?"

"नाही थांबत."

हौदाशी खांदे बदलतात. दिवटी घेऊन वाडीचा माणूस तसाच पुढं जातो, वरच्या आळीतून खालच्या आळीत, देवळापर्यंत. एकच माणूस, एकच उजेड. मी एवढी वर्षं त्याच्या पाठीमागे चाललो आणि हद्द सांगताना तो माणूस मला आठवला नाही. अर्ज लिहिताना आठवला, तो बाहेर काढायला.

साहेब म्हणाला, "अर्जात बदल करायचा असेल तर उद्या बारापर्यंत लेखी द्या. त्यानंतर घेता येणार नाही."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशेवर राहायला नको. रेघ हलली नाही. बंगल्यापाशी काढलेलं पोटही तसंच राहिलं. पुढारी निवडून आला, आमच्या आळीतही त्याला मतं पडली. नळ आला तो चार वर्षांनी, आणि तोही आधी बिल्डिंगांना. लोक म्हणतात, कागदावरची रेघ काय, तिनं कोणाचं घर पडत नाही. पडत नाही खरं. पण पाण्यासाठी माझा चुलतभाऊ एका नगरसेवकाच्या दारात उभा राहायचा आणि मी दुसऱ्याच्या. दोन्ही दारांत एकच उत्तर मिळायचं, तुमची मतं किती? पुढाऱ्यानं जे केलं ते वाईटच, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण मी पेन्सिल धरली तेव्हा मीही तीच रेघ मारली, फक्त माझ्या बाजूनं वळवून. हे कबूल करायला मला वेळ लागला. त्यानं तर कधी केलंच नाही.

सुनावणीहून घरी आलो तर चुलतभाऊ ओटीवर बसलेला. रागावेल वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "वाडीचं मला तरी सांगायचंस. मी लिहू दिलं नसतं." आणि उठून गेला.

बायको भाकरी थापत होती. मी म्हणालो, "साहेबानं उद्याची मुदत दिलीय. पण माझीच चूक मी लिहून देऊ काय? सगळ्या कचेरीत?"

ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "आवो, सही चांगली येते ना? मग चुकीखाली पण येईल."

सकाळी उजाडता उजाडता मी ठाकूरवाडीची चढण चढलो. बाय दारात राख काढत होती. मला बघून म्हणाली, "मोळी नाय आज."

"मोळीला नाही आलो," मी म्हणालो. तिच्या ओट्यावर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि नवा अर्ज लिहिला: हौदावरची हद्द पालखीचे खांदे बदलण्याची आहे, गावाची नाही. ती मी न वाचता सही करून दिली, चूक माझी. वरची आळी, खालची आळी आणि ठाकूरवाडी हे एक गाव आहे. लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं एक ओळ परत वाचायला लावली, चूक माझी ही. मग वाडीतल्या सगळ्यांना हाका मारल्या. बाभळीखाली अंगठे घेता घेता नऊ वाजले. साडेअकराला आम्ही सतरा जण कचेरीच्या खिडकीवर उभे होतो, आणि पोच मिळाल्याशिवाय मी तिथून हललो नाही.