डाव्या डोळ्याचे मार्क

मावशीने अडतीस वर्षं गणित शिकवलं, पण शंभरपैकी शंभर कधी कुणाला दिले नाहीत. सगळी उत्तरं बरोबर आली तरी अक्षराचा एक मार्क कापायचीच. मी घरातली, म्हणून माझे दोन. मात्र नापासही कुणाला केलं नाही. वीसवाल्याचा पेपर मान तिरकी करून पुन्हापुन्हा बघायची, कुठेतरी एखादी पायरी बरोबर शोधायची आणि त्याला पस्तीसवर आणून सोडायची.

मध्यंतरी महिनाभर तिने वायरमनचं डोकं खाल्लं. उजव्या कुशीवर पडून वाचायला लागलं की दिवा मंद होतो, ही तक्रार. बिचाऱ्याने तीनदा बल्ब बदलले, चौथ्यांदा हात जोडले. त्या कुशीवर उजवा डोळा उशीत जातो आणि ती नुसत्या डाव्याने वाचते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिला पटवण्यात आणखी एक आठवडा गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरणीने तिला आजी म्हटलं, तिथेच डॉक्टरणीचे दोन मार्क गेले. मग तिने तपासणी समजावली. दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने टॉर्च मारणार. उजव्याला दिसणारा उजेड शंभर धरायचा आणि डाव्याला किती वाटतो ते सांगायचं.

"शंभर कशाबद्दल?" मावशीने विचारलं.

नुसते धरायचेत, बक्षीस द्यायचं नाहीये, असं मी चारदा सांगितलं. बाहेर रांग लागली होती. शेवटी उजव्याला ब्याण्णव मिळाले, डाव्याला पस्तीस. डोळ्यामागच्या नसेला सूज होती. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलावलं. आकडा घसरला तर त्याच दिवशी अ‍ॅडमिट व्हायचं, उशीर झाला तर त्या डोळ्याची नजर कायमची जाईल, असं बजावलं.

पुढच्या आठवड्यात पस्तीस. त्याच्या पुढच्याही आठवड्यात पस्तीस. दर वेळी माझी एक रजा आणि तिची कुरकुर, की काही होत नाहीये, उगाच कशाला आणतेस.

काल चौथी खेप. उजवा डोळा झाकला, डाव्यावर टॉर्च आला. मावशीने मान तिरकी केली आणि बराच वेळ तशीच बसली.

"पस्तीस," ती म्हणाली.

डॉक्टर समाधानाने लिहायला लागली. मी तिला थांबवलं. ती तिरकी मान मी लहानपणापासून बघत आले होते.

"मावशी, वरचे किती दिलेस?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"तेवीस," ती म्हणाली. "पहिल्या वेळी खरोखरच पस्तीस होते."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. डॉक्टरने पस्तीस खोडून बारा लिहिले आणि वॉर्डात फोन लावला. मावशी त्या खोडलेल्या आकड्याकडे बघत होती.

"असं एकदम नापास नका करू," ती म्हणाली. "प्रयत्न करतोय गं तो."