हर्षदा आणि सव्वापाचची बस

मला कुणी विचारलं ना, की शितलबाई, कॉलेजच्या ऑफिसात एकवीस वर्षं काढलीत, तुमचं सगळ्यात जास्त डोकं कुणी खाल्लं, तर मी एका दमात हर्षदाचं नाव घेईन. प्राचार्यांचं नाही, विद्यापीठाचं नाही. टी.वाय.ला असलेल्या त्या काडीएवढ्या पोरीचं.

आमचं कॉलेज शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या अलीकडं. नदी ओलांडली की दौंड तालुका. पारगाव, भांडगाव, खुटबाव, त्या बाजूच्या चौदा पोरी संस्थेच्या बसनं आमच्याकडं शिकायला येतात. येतात म्हणजे काय, हर्षदा आणते म्हणून येतात. तिकडं जिकडंतिकडं ऊस, आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की गडीमाणूससुद्धा काठी-बॅटरीशिवाय बाहेर पडत नाही. म्हणून चौदा बापांची एकच अट: हर्षदा संगं असंल तर जा, आन् अंधाराच्या आत घरात पायजे. ही सकाळी पोरी मोजून बसमध्ये घालते, संध्याकाळी मोजून उतरवते आणि सगळ्यांत शेवटी खुटबावच्या फाट्यावर स्वतः उतरते. मोजते तीही दोन-दोन करून. तिचा आजा मेंढरं तशी मोजायचा म्हणे. "एक-एक मोजलं की चुकतं मॅडम," असं मलाच शिकवते.

बरं, बसपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण रोज अकरा वाजले की ही माझ्या खिडकीत हजर. हिचा दाखला, तिचा परीक्षेचा फॉर्म, त्या पारगावच्या प्राचीचं आधार जुळत नाही. एकदा मी ओरडले, "अगं बये, तुझा स्वतःचा फॉर्म कुठाय? आज शेवटची तारीख!" तर जीभ चावून म्हणते, "राहिला की व्हो मॅडम." लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण स्वतःचा तवाच घरी विसरणारी ही एकटीच.

तर यंदा विद्यापीठाचं पत्र आलं. कॉलेजातलं विद्यार्थ्यांचं जगणं ज्यानं बळकट केलं, अशा एका विद्यार्थ्याला पुरस्कार. नाव पाठवा. प्राचार्यांनी नेहमीप्रमाणं कागद माझ्याकडं ढकलला. फॉर्ममध्ये रकाने काय, तर भूषवलेली पदं, मिळालेली प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे फोटो. हिच्याकडं यातलं एक असेल तर शपथ! वर्गप्रतिनिधी व्हायला बागाईतदारांची पोरं आहेत, ती फोटोला पण पुढं असतात. मी हिला बोलावून विचारलं, तर म्हणते, "मॅडम, दुसऱ्या कुणाचं तरी घाला." माझं डोकंच फिरलं. मी सगळे रकाने कोरे सोडले आणि खाली एकच ओळ लिहिली: ही मुलगी नसेल तर या कॉलेजात चौदा मुली नसतील. आणि काय सांगू, विद्यापीठानं तिलाच निवडलं.

आता गंमत बघा. पुरस्काराचं पत्र आलं सोमवारी आणि बुधवारी आमच्या संस्थेचं परिपत्रक: एक फेब्रुवारीपासून कॉलेजची बस बंद. परवडत नाही. विद्यार्थिनींनी एसटीनं प्रवास करावा. अहो, एसटीनं करावा, पण ती वेळ कुणाला जुळते? सगळी लेक्चरं सोडून दुपारी निघावं लागतं, नाहीतर सहाच्या शेवटच्या गाडीनं, म्हणजे थंडीच्या दिवसांत फाट्यावर मिट्ट काळोख. बाप पाठवतीलच कशाला? बस बंद म्हणजे चौदा पोरींचं शिक्षण बंद. ज्या कामासाठी पोरीला पुरस्कार, तेच काम बुडवायचं आणि वर कॉलेजचं नाव झालं म्हणून फ्लेक्स लावायचा. याला काय म्हणायचं?

हर्षदानं अर्ज लिहिला, चौदा सह्या घेतल्या, माझ्याकडं दिला. मी तो माझ्या टेबलावरच्या, अध्यक्षांच्या सहीच्या ट्रेमध्ये ठेवला. अध्यक्ष म्हणजे इंद्रजीतराव. तीन आठवडे अर्ज तिथंच. मी दोनदा वर काढून ठेवला, दोनदा खाली गेला. मग हर्षदाच्या डोक्यात आलं, की कॉलेजातल्या पुरस्काराच्या सत्काराला अध्यक्ष येणार, सत्कार झाला की विद्यार्थ्यांचं मनोगत असतं दोन मिनिटं. "तवाच मांडते मॅडम, सगळ्यांसमोर. मग त्यांना न्हाई म्हणता येणार न्हाई." नाहीतर ती त्या सत्काराला आली असती असं मला वाटत नाही.

सत्कार जानेवारीत, शनिवारी तीन वाजता. हर्षदाचे वडील तात्याबा अडीचलाच खुटबावहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर आले. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, पहिल्या रांगेत खुर्चीच्या अगदी कडेला बसले, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं म्हणून. चार वाजले तरी अध्यक्षांचा पत्ता नाही. पत्रिकेत पाहुणे सहा, प्रत्यक्षात आले तेवीस. प्रत्येकाला फेटा पाहिजे. आणि शिरूरचा फेटेवाला लग्नात अडकला!

प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बघते तर काय, हर्षदा पाहुण्यांना फेटे बांधतेय. गावच्या जत्रेत बांधायची म्हणे. मी तिला बाजूला ओढलं.

"अगं, सत्कार तुझा हाय का या लोकांचा?"

"कुणीतरी बांधायला पायजेच की मॅडम. लवकर उरकलं तर माझं बोलणं तरी होईल. सव्वापाचला बस हाय."

ते पण खरं होतं. आमचा ड्रायव्हर पोपटराव सव्वापाचच्या पुढं मिनिटभर थांबत नाही. पोरी सोडून त्याला कोरेगाव भीमाला जायचं असतं, कंपनीच्या रात्रपाळीची माणसं न्यायला. तेवढ्यात साडेचारला अध्यक्ष आले आणि आल्या आल्या घड्याळ बघून प्राचार्यांना म्हणाले, "उशीर झालाय. विद्यार्थ्यांचं मनोगत कट करा." उशीर यांनीच करायचा आणि कात्री पोरीवर! हर्षदाच्या हातात कुणाचा तरी अर्धा फेटा होता. ती तशीच थांबली. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

मग इंद्रजीतराव खुर्चीत बसले. फेटा बांधताना एक माणूस दुसरं टोक ताणून धरायला लागतो, तो मान मला मिळाला. हर्षदानं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "साहेब, हे दाबून धरा. मान हलवू नका, फेटा ढिला पडतो." आणि पहिला वेढा देता देता सुरू झाली. बस, अंधार, ऊस, बिबट्या. प्राचीच्या बापानं वह्या-पुस्तकं बांधून ठेवायला सांगितलीत ते. भांडगावच्या दोघींना घरून सांगितलंय, एक तारखेनंतर घरीच बसा, ते. साहेबांना उठता येईना, फोन घेता येईना, नुसतं समोरच्या भिंतीकडं बघायचं. प्राचार्य घामाघूम.

"बघू, बघू," अध्यक्ष म्हणाले.

हर्षदाचे हात थांबले. नऊ मीटरपैकी चार मीटर कापड अजून माझ्या हातात. "बघू नगं साहेब. बस चालू राहील एवढं म्हणा."

"अगं बांध की! लोक खोळंबलेत."

"बांधते की. तुम्ही म्हणा."

अर्धवट फेट्यानं माणूस कुठं जाणार? "राहील, राहील बाई!" असं ते चिडून म्हणाले. हिनं तुरा काढला, पाठीवर शेमला सोडला, पायाही पडली. मला मात्र ते 'राहील' चांगलं ओळखीचं होतं. तसली 'राहील' माझ्या ट्रेमध्ये एकवीस वर्षांची साठलीत.

स्टेजवर मग शाली, नारळ, प्रत्येकाची भाषणं. बसचा कुणी 'ब' काढला नाही. पावणेसहाला एकदाचं हर्षदाचं नाव पुकारलं. टाळ्या. कोणी उठेना. परत पुकारलं.

"कुठाय मुलगी?" अध्यक्षांनी माइकवरूनच विचारलं.

"बसमध्ये!" मी मागून ओरडले. "सव्वापाचला गेली. चौदा पोरी कोण सोडणार, तुम्ही?"

एवढं बोलल्यावर नोकरी जाते की काय असं वाटलं, पण लोक हसले. कुणीतरी तात्याबांना पुढं ढकललं. स्मृतिचिन्ह हातात दिलं, माइक तोंडासमोर धरला. दोन शब्द बोला म्हणाले. तात्याबांनी आधी घड्याळाकडं बघितलं.

"मला ठावं न्हवतं ती गेल्याली," ते म्हणाले. "मला वाटलं, हितंच आत हाय. रोज मी फाट्यावर उभा असतो, काठी आन् बॅटरी घेऊन. सगळ्यांच्या पोरी ती सोडती, तिला घ्यायला मी असतो. फाट्यापासनं घर दीड किलोमीटर, सगळा ऊस. आज मी हितं हाय. म्हंजी तिथं कुणी न्हाई." मग स्मृतिचिन्ह काखेत मारलं. "मी निघतो. माफी करा."

मी तिला फोन लावला, लागेना, त्या वाटेवर मध्येच रेंज जाते. मला असा संताप आला! मी सरळ स्टेजपाशी गेले. "साहेब, तुमची गाडी द्या. बस हायवेनं फिरून जाते, गाडी मधल्या रस्त्यानं वेळेत पोचेल."

चारशे माणसांसमोर न देऊन सांगतात कुणाला? "न्या, न्या, माझीच गाडी न्या," म्हणाले, आणि त्यालासुद्धा टाळ्या घेतल्या.

सातला साहेबांच्या ड्रायव्हरचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. पोरगी फाट्यावर भेटली, बापलेकीला घरी सोडलं, पण आता पारगावच्या पुलाजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय, तासभर तरी हालत नाही. हुश्श केलं मी. मागं वळून बघते तर अध्यक्ष माझ्या टेबलासमोर. पाहुण्यांना एका लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं, साहेबांना स्वतःची गाडी आहे असं समजून सगळे निघून गेलेले. प्राचार्यांनी डोकं दुखतंय सांगून घर गाठलेलं. साहेबांचा मोबाइल गाडीतच. आणि नंबर पाठ आहेत कुणाचे? बाहेर गेट ओस, लांब कुठंतरी कुत्री भुंकत होती. मला ऑफिस बंद करायचं होतं, ते डोक्यावर फेटा घेऊन खुर्चीत बसलेले.

"बाई, हितनं एसटी कधी आहे?"

"सहाला होती साहेब. गेली."

"मग पुढची?"

"पुढची सकाळी सहाला."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी ट्रेच्या तळातून तो अर्ज काढला, त्यांच्यासमोर ठेवला, पेन उघडून वर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, चौदाही सह्या वाचल्या. मग आडवं लिहिलं, 'बस पूर्ववत चालू ठेवावी', आणि खाली सही केली. तारीख घालायला विसरले होते, ती मी घालून घेतली.

कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले, "बरं, त्या पोरीचं नाव काय हो?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दुपारपासून ज्याच्यासाठी हॉल भरवला, शाली वाटल्या, टाळ्या पिटल्या, ते नाव!

"हर्षदा तात्याबा कोळपे," मी म्हटलं. "आता सावकाश लिहून घ्या साहेब. गाडी यायला अजून तास हाय."