साडेसातचे चाळकेकाका

भाईंदरच्या केबिन रोडवर साडी फॉल लावायला टाकली होती, ती आणायला गेले होते. दुकानदार जुना, मला अजूनही 'न्यूजवाली भाभी' म्हणणारा. साडी पिशवीत सरकवता सरकवता तो सहज म्हणाला, "भाभी, वो आपके न्यूजवाले अंकल गए ना... मंगलवार को." मी म्हटलं, "कुठं गेले?" तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा कळलं. तो शुक्रवार होता. कोण गेलं, कधी गेलं, दहावा कधी आणि कुठं, हे सगळ्या भाईंदरला वर्षानुवर्षं सांगणारा माणूस स्वतः गेला, आणि ते मला तीन दिवसांनी फॉल-बिडिंगच्या काउंटरवर कळलं. रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते तिथं उभं राहून सांगता आलं नसतं. आज सांगायला बसले आहे.

मनोहर चाळके हे नाव मीरा-भाईंदरच्या बाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. आता घरोघरी छत्र्या लागल्यात, बॉक्स आलेत, चॅनल बदलता बदलता अंगठा दुखतो. पण सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे केबलवाल्याची स्वतःची वाहिनी होती. तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे म्हणत, "पाच नंबरला लाव." दुपारी पिक्चर, मग साड्यांच्या सेलच्या आणि क्लासेसच्या जाहिराती, आणि साडेसातला बातम्या. उद्या पाणी किती वाजता येणार, लाइट कुठं जाणार, हरवलेलं पोर कुठल्या चौकीत बसलंय. देशाचं काय चाललंय हे मोठी चॅनल सांगत. आमच्या नळाचं काय चाललंय हे चाळकेकाका सांगत. काका मूळचे लांज्याकडचे. मुंबईतल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासून निवृत्त झालेले आणि परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेले. आवाज खणखणीत, चष्मा जाड, आणि दुसऱ्याची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय पाणी न पिणारे. दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नसत.

मी तिथं लागले ती टायपिंगला. खालची पट्टी टाइप करायची, फोन घ्यायचे, आणि कॅमेरावाला चहाला गेला की कॅमेराही सांभाळायचा. आमचा स्टुडिओ म्हणजे केबल ऑफिसची मागची खोली. निळा पडदा, एक टेबल, डोळे दिपवणारे दोन दिवे. आवाज येतो म्हणून पंखा बंद. काका वरून शर्ट, टाय, कोट घालत आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. टेबलाखालचं कुणाला दिसतंय! पण बातम्यांच्या शेवटी निधनवार्ता असे, आणि पहिल्याच आठवड्यात एका निधनवार्तेला काका वाचता वाचता उठून उभे राहिले. आपसूक. कॅमेरा माझ्याकडे होता, मी घाबरून तो मागे ओढला, आणि सगळ्या भाईंदरनं तो लेंगा बघितला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, बसूनच वाचा ना, कोण विचारतंय?" तर म्हणाले, "शुभांगीबाई, माणूस गेल्याचं बसून सांगतात का?" तेव्हापासून ज्या दिवशी निधनवार्ता असेल त्या दिवशी पूर्ण पँट. दुपारी फोन करून विचारत, "आज पँट की लेंगा?" मी 'लेंगा' म्हटलं की त्यांना बरं वाटे.

निधनवार्तेसाठी घरचे लोक फोटो घेऊन येत. पुरुषांचे फोटो सोपे असत, पासपोर्टचे नाहीतर नोकरीच्या कार्डावरचे. बायकांची मात्र पंचाईत. पन्नाशी-साठी उलटलेल्या कितीतरी बायकांचा आयुष्यात एकटीचा म्हणून फोटोच निघालेला नसे. मग घरचे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो आणत आणि बोट ठेवून सांगत, "ही." त्यासाठी मी एक युक्ती केली होती. काळ्या पुठ्ठ्याला चेहऱ्याएवढं गोल भोक पाडलेलं. पुठ्ठा फोटोवर ठेवायचा, बरोबर तो चेहरा भोकात आणायचा आणि वरून कॅमेऱ्यानं घ्यायचा. बाकीचं सगळं वऱ्हाड पुठ्ठ्याखाली जाई. मालक जिग्नेशभाईंनी माझं फार कौतुक केलं होतं, "भाभी का दिमाग देखो!"

आणि त्याच पुठ्ठ्यानं माझा घात केला. स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी सुलोचना नावाची बाई वारली. सासर चेणे गावातलं, पण नवरा-बायको भाईंदरला राहायचे. नवरा आणि दीर दुपारी लग्नाचा फोटो घेऊन आले. नवऱ्यानं बोट ठेवून दाखवलं, मी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. ते गेल्यावर फोटो घ्यायला बसले, तर त्यात शेजारी शेजारी दोन बायका, दोघींच्या अंगावर आहेराची एकसारखी साडी, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींच्या नाकात तसलीच चमकी. जावाजावा होत्या, हे मला नंतर कळलं. बोट कुणावर होतं? खाली जाऊन त्या माणसांना हाक मारता आली असती. घरी फोन करून विचारता आलं असतं. पण मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, मला लवकर निघायचं होतं, आणि मनात म्हटलं, हीच असणार. पुठ्ठा ठेवला, फोटो टेपवर घेतला आणि गेले. साडेसातला काकांनी पँट घालून, उभं राहून, सावकाश ती बातमी वाचली. पडद्यावर चेहरा होता तो सुलोचनाच्या थोरल्या जावेचा, हिराबाईचा. हिराबाई चेण्याला धडधाकट होती.

चेण्यात आमची केबल जात नव्हती, बातमी मात्र गेली. हिराबाईच्या माहेरची माणसं गाडी करून, छाती पिटत दारात उतरली, तर ही अंगणात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा जण ऑफिसात शिरले. टेबलावर मुठी आपटणं, आरडाओरडा, बाहेर गर्दी. जिग्नेशभाई घामाघूम. "किसने किया ये? फोटो कौन लगाया?" मी पुठ्ठा हातात घेऊन उभी होते. तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण माझ्याआधी काका म्हणाले, "फोटो मी लावला. ही काल लवकर गेली होती." इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की उद्या पाणी सहाला येणार आहे, असंच वाटावं. आणि मी... मी तोंड मिटलं. नवऱ्याची नोकरी त्याच महिन्यात सुटली होती, हे खरं. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते.

त्याच दुपारी काका मला घेऊन चेण्याला गेले. मी वाटेत म्हटलं, "काका, ते मी..." तर म्हणाले, "तिथं माफी मागायचीये, तिकडे लक्ष दे." हिराबाई चिडलेली असेल असं वाटलं होतं. तिनं आम्हाला बसायला दिलं, चहा दिला. काकांनी हात जोडले, तर ती म्हणाली, "माजं काय, मी हाय जित्ती. पन तिचं तोंड कुनाला दिसलंच न्हाय, त्याचं काय? येकदाच येनार व्हतं टीव्हीवर." काकांनी मान खाली घातली. मी त्यांना कुठल्याही चुकीपुढं असं गप्प बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. त्या रात्रीच्या बातम्यांत त्यांनी सुलोचनाचा खरा फोटो दाखवला, माफी मागितली, 'चूक माझी आहे' असं स्वच्छ सांगितलं. ती त्यांची शेवटची बातमी.

लोकांचा राग निवायला कुणाला तरी घालवणं भाग होतं, आणि आठवड्याभरात जिग्नेशभाई मला म्हणाले, "भाभी, अब आप ही पढ़ो." म्हणजे चूक मी केली, आणि खुर्चीही मलाच मिळाली. काकांना सांगायला गेले तर ते खूशच झाले. खरंच खूश. मला समोर बसवून वाचून घेतलं. म्हणाले, "पाण्याची बातमी घाईनं वाचलीस तरी चालेल, लोकांना वेळ पाठ असते. निधनाची घाईनं वाचू नकोस. त्या घराला आपल्याकडून तेवढंच एक मिनिट मिळतं." पुढं चार वर्षं, वाहिनी बंद पडेपर्यंत, मी ती खुर्ची सांभाळली. कॅमेऱ्यात बघून वाचताना मनात एकच माणूस असे. वाटे, काका बघत असतील, आज काय चुकलं ते उद्या सांगतील. त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. मी मनात म्हणे, म्हणजे बरं वाचतेय.

काकांनी मात्र दुसरंच काम काढलं. एक साधा कॅमेरा घेतला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायट्यांतून, चाळींतून फिरायला लागले. बायका नटलेल्या असतातच, तर प्रत्येकीचा एकटीचा एक फोटो. बायका हसून बेजार. "काका, एवढ्यात पोचवताय का आम्हाला?" काका म्हणत, "बाई, तुम्ही शंभर वर्षं जगा आणि फोटो कपाटात ठेवा. पण त्यात शेजारी कुणी नको." कुणी लाजून जावेला किंवा नणंदेला जवळ ओढलं की ते कॅमेरा खाली घेत आणि थांबून राहत. घाई नाही. फोटो धुऊन आले की जिचे तिच्या घरी नेऊन देत, तीन-तीन जिने चढून. मला भेटले की पिशवीतून काढून दाखवत. मी बघे, छान म्हणे. एकदा धीर करून म्हटलं, "काका, माझ्यामुळं..." त्यांनी एक फोटो माझ्यापुढं धरला. "हिचे डोळे बघ. मिटलेत ना? परत काढायला हवा." विषय संपला.

शुक्रवारी फॉल लावलेली ती साडी तशीच पिशवीत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकूंना काचबिंदू आहे, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. जवळ बसवून घेतलं, झोपेतच गेले म्हणाल्या, त्रास नाही झाला. मग त्यांना जुनं आठवलं. "फार कडक गं माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि शेवटी स्वतःच ती फोटोची चूक करून बसले. मी किती बोलायची त्यांना त्यावरून. चिडले की तेच काढायची. हसायचे नुसते."

मला वाटत होतं, निदान काकूंना तरी ठाऊक असेल. मी तिथंच, जमिनीकडे बघत, सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "तू बातम्या वाचायला लागलीस त्या दिवसापासून साडेसातला टीव्ही लावू दिला नाही त्यांनी घरात. मला पेपर वाचून दाखवायचे तेव्हा. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, रोज. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांसाठी करतायत." मग म्हणाल्या, "तू जा आता, शुभांगी."

म्हणजे चार वर्षं ज्या एका माणसासाठी मी वाचत होते, त्यानं मला एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं. खूप वाटत होतं. आपण केलं ते योग्य केलं, हे माणसाला कळत असतं आणि तरी ती खुर्ची बघवत नाही. मी एवढी हुशार, पण त्यांच्या हसण्याला भुलले, कारण भुलणं सोयीचं होतं. केबिन रोडवर राग आला तो माझाच होता.

बाराव्याला गेले, काकू बोलल्या नाहीत. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. सून नोकरीवरून उशिरा येते, नातवाला मराठी अडखळत वाचता येतं. "साडेसातला तुला काही काम असतं का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून मी, आता राहते त्या मीरा रोडहून, रोज जाते. काकांच्या जागी नाही बसत, काकूंच्या पायाशी बुटकं स्टूल घेऊन बसते. पेपर वाचते. त्या मध्येच 'हळू' म्हणतात. चुकीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

हा लेख लिहून झाला तेव्हा पुरवणीकडे पाठवण्याआधी काल साडेसातला मी तो काकूंना वाचून दाखवला. पहिल्यापासून, सावकाश. लेंग्याला त्या हसल्या. हिराबाईला 'हं' म्हणाल्या. संपल्यावर चष्मा काढून पुसला, दिसत नसलं तरी त्या तो लावतात, आणि म्हणाल्या, "ते मधलं... फोटो तू लावलास ते. तेवढं परत वाच."

मी परत वाचलं.