खाचेभोवतीच्या चिरा

राहनाळच्या लॅबमध्ये मी दिवसभर पट्ट्या मोडते, पगार त्याचाच. साध्या सिरॅमिकला खाच पाडून मशीनवर ओढलं की सगळा ताण खाचेच्या टोकाशी येतो आणि पट्टी फाडकन तुटते. आत धागे विणलेली पट्टी मात्र चिवट. खाचेभोवती बारीक चिरा पडतात, धागे जरा सरकतात पण कडा सोडत नाहीत, ताण आजूबाजूला वाटला जातो. पट्टी करकरते, तुटत नाही.

ती मला फार आवडायची. दिघाशीचं आमचं घर तसंच होतं ना!

बाबा रात्रपाळी करून सकाळी यायचे. लूमच्या खडखडाटाने कान गेलेले. आई हळू बोलली की त्यांना वाटायचं, शिव्याच देतेय. मग लूमचा जुना लाकडी दांडा निघायचा. आईवर तो उठला की जवळ असेल त्याने मध्ये शिरायचं, ही घरची रीतच झाली होती. दादाचं मनगट गेलं, वहिनीचा खांदा, माझी भुवई फुटली. सगळा मार एकट्या आईला बसता तर ती केव्हाच मेली असती. आम्हाला त्याचा चक्क अभिमान होता.

गेल्या महिन्यात लॅबच्या मॅडमनी न तुटलेली एक पट्टी भट्टीत तापवून पुन्हा ओढायला लावली. अर्ध्या ताणावरच फाडकन गेली. "चिरांतून हवा आत शिरली," मॅडम म्हणाल्या. "धागे चिकटून बसले. आता ते सरकत नाहीत, नुसते तुटतात."

मला राग आला. कुणावर, ते कळेना.

रविवारी दांडा उठला तेव्हा वहिनी चुलीपाशीच बसून राहिली. खांदा वर होत नव्हता तिचा. घाव दादाच्या मानेवर बसला. त्याने बाबांच्या हातातला दांडा हिसकावला आणि तो वहिनीवरच धावला.

"तू का न्हाय आलीस मधी?"

आणि रीतीप्रमाणे आई मध्ये शिरली. हाताचं हाड मोडलं, तो आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा होता.

मी दोघींना ओढत बाहेर काढलं, रिक्षात घातलं. कोन गाव येईपर्यंत आई मोडका हात छातीशी धरून रडत होती.

"घर तुटला गं, पोरी."

"तुटू दे," मी म्हटलं.