बिनदेठाचा संत्रा

संत्रा सोलला की त्या वासासरशी मला सौंसरच्या शाळेतला चौथीचा वर्ग आठवतो. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल, मी तिथे नवीनच बाई होते. आपल्याजवळ असेल त्यातलं दुसऱ्याला द्यावं, असं मी मुलांना शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी संत्र्याच्या तोडाईला जाणाऱ्या एका मजूरबाईच्या मुलीने माझ्या टेबलावर एक संत्रा आणून ठेवला. "कोणाच्या बगीच्यातून तोडून आणला?" मी सगळ्यांसमोर विचारलं. वर्ग हसला. "तोडला नाही जी बाई, खाली पडला होता. पडलेले मालक मायले नेऊ देते," ती हळूच म्हणाली. "खोटं बोलू नको," म्हणून मी तो तिच्या हातात परत दिला. देताना बघितलं, त्याला देठ नव्हता. तोडलेल्या संत्र्याला देठ राहतो, गळलेल्याला राहत नाही, हे पांढुर्ण्याच्या बागेत वाढलेल्या मला कोणी सांगायला नको होतं. तरी मी फळ्याकडे वळले आणि पुढचा धडा सुरू केला. आता बाजारात संत्रा उचलला की माझी नजर आधी देठाकडे जाते. त्या दिवशी ती आधी त्या मुलीच्या फाटक्या फ्रॉककडे गेली होती.