मेथीची काडी

कळंब्याच्या रस्त्यावर शाळेसमोर भाजी विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. ओळख झाली असती, आणि मला तर तिच्यावर जळायचं होतं. घरी पालेभाजी बघितली की तोंड फिरवणारी माझी सहा वर्षांची लेक शाळा सुटली की थेट तिच्या पोत्यावर जाऊन बसायची. बाई भाकरी खाता खाता जुडीतली मेथीची काडी झटकायची, कच्चीच चावायची आणि दुसरी काडी न बघताच लेकीपुढं धरायची. लेक ती निमूट खायची. घरी व्हिटॅमिनची गोळी घेऊन मी तिच्यामागं धावायचे, आणि इथं हे!

एकदा न राहवून विचारलं, "तुमचं बरं ऐकते हो ही?"

"मी कुठं काय सांगतो तिला? मी आपलं माझं खातो," बाई म्हणाली. "तुमी काय खातासा तिच्यासमोर?"

माझ्या पर्समध्ये माझ्याच व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

लेकीनं सरकून पोत्यावर मला जागा केली आणि काडी पुढं धरली. "आई, खा की!"

सूर अगदी त्या बाईचा होता. मी खाल्ली. कडूजार लागली.